शून्यांनी भरलेली प्रत

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जेंटू लिनक्स वापरणाऱ्या एकाने आपल्या मशीनवर गो भाषेचा कंपायलर बसवला. जेंटूमध्ये तेव्हा सहसा तयार सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची पद्धत नव्हती. मूळ कोड आणायचा, तो आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा आणि तयार झालेल्या फाइली तात्पुरत्या फोल्डरमधून कायमच्या जागी कॉपी करायच्या, असा त्याचा शिरस्ता. सगळे टप्पे एकही एरर न येता पार पडले. कंपायलर मात्र चालेना. फाइली उघडून पाहिल्या तेव्हा कळले की त्यांची नावे बरोबर आहेत, आकार शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर आहे, पण आत मजकुराच्या जागी लांबच लांब शून्ये आहेत.

डिस्क धडधाकट होती. मेमरीत दोष नव्हता. आणि ज्या फाइलसिस्टिमवर हे घडले ती होती झेडएफएस, म्हणजे डेटा जपण्याच्या बाबतीत जिचा दाखला दिला जातो ती. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये तिचे काम सुरू केले आणि २००५ मध्ये तिचा कोड ओपनसोलॅरिसमधून सर्वांसाठी खुला झाला. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली. त्यानंतर खुल्या कोडवर काम करणाऱ्यांनी २०१३ मध्ये ओपनझेडएफएस हा प्रकल्प उभा केला. आज लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर जी झेडएफएस चालते ती हीच.

या फाइलसिस्टिममध्ये डेटाच्या प्रत्येक ब्लॉकची चेकसम काढली जाते आणि ती त्या ब्लॉकपासून वेगळी, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवली जाते. डिस्कवर एक बिट जरी उलटला तरी वाचताना तो पकडला जातो. ‘स्क्रब’ ही आज्ञा दिली की झेडएफएस सगळ्या ब्लॉकांची पडताळणी करते. या बिघडलेल्या फाइलींवर मात्र स्क्रबने काहीच दोष दाखवला नसता. कारण फाइलसिस्टिमच्या दृष्टीने तिथे दोष नव्हताच. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने शून्ये ठेवायला सांगितली आणि तिने ती बिनचूक ठेवली. चूक त्याच्या आधी, एका प्रश्नाच्या उत्तरात झाली होती. ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचे आणि क्वचित, अगदी एका निमिषापुरते, खोटे निघायचे.

असे दोष रेस कंडिशन या नावाने ओळखले जातात. दोन कामे एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर निर्दोष असते, पण त्यांची पावले एका विशिष्ट क्रमाने एकमेकांत गुंतली की निकाल चुकतो. फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये याला तोटा नाही, कारण तिथे शेकडो प्रोग्राम एकाच झाडाच्या फांद्यांवर एकाच वेळी काम करत असतात. एक उदाहरण मला फार आवडते, कारण ते कागदावर रेखून पाहता येते. एका डिरेक्टरीत ‘क’ आणि ‘ख’ या दोन उपडिरेक्टरी आहेत. एक प्रोग्राम ‘क’ला ‘ख’च्या आत हलवतो आहे, आणि नेमक्या त्याच वेळी दुसरा ‘ख’ला ‘क’च्या आत हलवतो आहे. कुठलीही डिरेक्टरी तिच्याच वंशजाच्या पोटात जाता कामा नये, म्हणून दोघेही आधी झाड तपासतात. पहिल्याला दिसते की ‘ख’ हा ‘क’चा वंशज नाही. दुसऱ्याला दिसते की ‘क’ हा ‘ख’चा वंशज नाही. दोघांची तपासणी खरी ठरते आणि दोघेही हलवाहलव उरकतात. आता ‘क’ ‘ख’मध्ये आहे आणि ‘ख’ ‘क’मध्ये. दोन्ही मिळून मूळ झाडापासून तुटल्या आहेत आणि आतल्या सगळ्या फाइलींकडे जाणारी वाट नाहीशी झाली आहे.

लिनक्समध्ये यावर सरळ उपाय आहे. एका डिरेक्टरीतून दुसरीत काही हलवायचे असेल, तर त्या संपूर्ण फाइलसिस्टिमसाठी असलेले एक खास लॉक आधी मिळवावे लागते. म्हणजे असे हलवण्याचे काम एका वेळी एकच होते, आणि तपासणी ते प्रत्यक्ष हलवणे या दरम्यान झाडाचा आकार बदलू शकत नाही. एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरला स्टेशनमास्तरकडून टोकन घेतल्याशिवाय पुढच्या सेक्शनमध्ये गाडी नेता येत नसे, आणि त्या सेक्शनचे टोकन एका वेळी एकालाच मिळे. लॉक म्हणजे तेच.

मग प्रत्येक ठिकाणी एकच मोठे लॉक का लावू नये? लिनक्सने सुरुवातीला जवळपास तेच केले होते. १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या मशीनवर कर्नल चालू लागला, तो ‘बिग कर्नल लॉक’ नावाच्या एकाच लॉकच्या आधारावर. एक प्रोसेसर कर्नलच्या आत असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. सुरक्षित, पण भयंकर मंद. पुढची पंधरा वर्षे ते लॉक तुकड्यातुकड्याने काढून त्याच्या जागी बारीक लॉक बसवण्यात गेली, आणि २०११ च्या २.६.३९ या आवृत्तीत त्याचा शेवटचा अवशेष गेला. लॉक जितके बारीक, तितका वेग जास्त. आणि तितकीच ‘कोणते लॉक नेमके कशाचे रक्षण करते’ हे डोक्यात ठेवण्याची जबाबदारीही जास्त. फाइलसिस्टिमवर काम करणाऱ्यांचा अर्धा वेळ त्यातच जातो, असे म्हटले तर ते धाडसाचे होणार नाही.

झेडएफएसचा दोष समजायला तिची लिहिण्याची रीत माहीत हवी. एखाद्या प्रोग्रामने फाइलमध्ये काही लिहिले की ते ताबडतोब डिस्कवर जात नाही. बदल मेमरीत साठतात आणि एका गटात बांधले जातात. या गटाला ट्रान्झॅक्शन ग्रुप म्हणतात. साधारण पाच सेकंदांनी, किंवा बरेच बदल साठले तर त्याआधीही, तो गट एकत्रितपणे डिस्कवर उतरतो. या उतरवण्याला सिंक म्हणतात. दरम्यानच्या काळात ज्या फाइलीचे बदल अजून उतरलेले नाहीत ती ‘डर्टी’ असते. हे डर्टी असणे झेडएफएस दोन ठिकाणी नोंदवते. प्रत्येक फाइलीसाठी ‘डीनोड’ नावाची एक रचना असते, तिच्यात फाइलीचा आकार, ब्लॉकचा आकार, ब्लॉकांचे पत्ते अशी माहिती असते. डीनोड बदलला की त्याला डर्टी डीनोडांच्या यादीत टाकतात. शिवाय जे जे ब्लॉक बदलले त्यांच्या ‘डर्टी रेकॉर्ड’ म्हणून वेगळ्या नोंदी त्या डीनोडला लटकवतात. नव्या फाइलीत पहिल्यांदाच काही लिहिले गेले तर दोन्ही खुणा उमटतात.

आता कॉपी करणाऱ्या प्रोग्रामकडे वळू. लिनक्सवरची ‘सीपी’ ही आज्ञा जीएनयूच्या कोअरयुटिल्स या संचात येते. काही फाइली कागदोपत्री मोठ्या पण प्रत्यक्षात पोकळ असतात. व्हर्च्युअल मशीनची शंभर जीबीची डिस्क-फाइल घ्या, तिच्यात खरा डेटा पाच जीबीच असू शकतो. उरलेली जागा म्हणजे ‘होल’. तिथे वाचले तर शून्ये मिळतात, पण डिस्कवर ती जागा व्यापलेली नसते. ही शून्ये एकेक करून वाचणे आणि लिहिणे व्यर्थ आहे. म्हणून सनच्या इंजिनिअरांनी २००५ मध्ये फाइलसिस्टिमला थेट विचारण्याची सोय केली: या जागेपासून पुढे डेटा कुठे सुरू होतो, आणि होल कुठे? लिनक्सने हीच सोय २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीत घेतली. कोअरयुटिल्सच्या ९ क्रमांकाच्या मालिकेत सीपी तिचा सढळ वापर करू लागली.

आणि इथे दोन्ही धागे एकमेकांवर येतात. सीपीने झेडएफएसला विचारले की सुरुवातीपासून पाहता डेटा कुठे आहे. फाइल डर्टी असेल तर झेडएफएसला याचे उत्तर डिस्कवरच्या पत्त्यांवरून देता येत नाही, कारण ताज्या ब्लॉकांना अजून पत्तेच मिळालेले नसतात. त्यामुळे ती आधी तपासते की फाइल डर्टी आहे का. असेल तर सिंक करवून घेते आणि मग शोधते. ही तपासणी करणारे फंक्शन छोटेसे आहे. ते डीनोडचे नाव डर्टी यादीत आहे का, एवढेच पाहत होते. पण सिंक चालू असताना एक क्षण असा येतो की डीनोडला त्या यादीतून काढलेले असते आणि त्याच्या ब्लॉकांच्या डर्टी नोंदी मात्र अजून शिल्लक असतात. नेमक्या त्या फटीत प्रश्न आला, तर फंक्शनचे उत्तर येते, ‘फाइल स्वच्छ आहे’. झेडएफएस डिस्कवरचे पत्ते पाहायला जाते. फाइल नवीन, तिला पत्ते नाहीत. मग सीपीला सांगितले जाते की या फाइलीत डेटाच नाही. सीपी त्यावर विश्वास ठेवते आणि नव्या जागी तेवढ्याच आकाराचे सलग होल तयार करते.

मूळ फाइल अबाधित राहते. क्षणभराने पुन्हा वाचली तर तिच्यातला मजकूर जसाच्या तसा मिळतो. बिघडते ती फक्त प्रत. जेंटूसारख्या प्रणालीत फाइल तयार झाल्या झाल्या कॉपी होते, म्हणजे प्रश्न नेमका सिंकच्या सुमारास येण्याची शक्यता जास्त. शिवाय कॉपी झाली की तात्पुरती मूळ फाइल पुसून टाकतात, त्यामुळे ताडून पाहायलाही काही उरत नाही.

पहिला संशय चुकीच्या जागी गेला, आणि तो का गेला हे समजण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्येच ओपनझेडएफएसची २.२.० ही आवृत्ती आली होती. तिच्यात ‘ब्लॉक क्लोनिंग’ नावाची नवी सोय होती. फाइल कॉपी करताना डेटा पुन्हा न लिहिता त्याच ब्लॉकांकडे दुसरे बोट दाखवायचे, असे तिचे काम. नवी सोय कॉपीशी संबंधित, आणि बिघाडही कॉपीत. घाईघाईने २.२.१ आवृत्ती काढून ब्लॉक क्लोनिंग बंद करण्यात आले. बिघाड थांबला नाही. नंतर तो २.१ या जुन्या मालिकेवरही घडवून दाखवता आला, जिच्यात ब्लॉक क्लोनिंग नव्हतेच. नव्या आवृत्तीने दोष आणला नव्हता. त्याच सुमारास लोकांच्या मशीनवर सीपीही नवी आली होती आणि ती तो प्रश्न पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारू लागली होती. दोष आधीपासूनच कोडमध्ये पडून होता.

अशा दोषाच्या तपासात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तो मागू तेव्हा घडवून दाखवणारी स्क्रिप्ट. इथे ती लवकर तयार झाली. शेकडो छोट्या फाइली लिहायच्या, लिहिताच त्यांच्या प्रती काढायच्या, हे बऱ्याच प्रक्रियांमधून एकदम करायचे आणि शेवटी प्रत्येक प्रत मूळ फाइलीशी ताडून पाहायची. एरवी महिनोन्‌महिने न दिसणारी गोष्ट या स्क्रिप्टने मिनिटांत समोर आणली. तशी स्क्रिप्ट हाताशी नसेल तर रेसची दुरुस्ती म्हणजे अंदाज असतो. कोड बदलला आणि बिघाड दिसेनासा झाला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वेळेचे गणित जरा सरकले असेल, इतकेच.

याचा दाखलाही याच प्रकरणात आहे. झेडएफएसमध्ये एक सेटिंग आहे. ते बंद केले की फाइल डर्टी आढळल्यावर सिंकची वाट न पाहता ‘सगळा डेटाच आहे’ असे सुरक्षित उत्तर दिले जाते. दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी ते बंद करून ठेवले आणि बिघाड खूपच विरळ झाला. पण फट बुजली नव्हती. डर्टी आहे की नाही हे ठरवणारी तपासणी तशीच होती. तिच्यावर वेळ येण्याचे प्रसंग कमी झाले होते. रेसच्या बाबतीत फट अरुंद करणे आणि फट बंद करणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे समाधान फार फसवे असते. रोज दहा लाख फाइली कॉपी करणाऱ्या सर्व्हरला दहा लाखांत एक ही शक्यता म्हणजे रोजचा एक बळी.

खरी दुरुस्ती रॉब नॉरिस यांनी केली. ती वाचताना आश्चर्य वाटते, कारण तिचा गाभा एका अटीत मावतो. डीनोडचे नाव यादीत आहे का, किंवा त्याच्या ब्लॉकांच्या डर्टी नोंदी शिल्लक आहेत का, या दोन्हींपैकी एक जरी खरे असले तरी फाइल डर्टी समजायची. बस. ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि जुन्या मालिकेसाठी २.१.१४ अशा आवृत्त्या या दुरुस्तीसह प्रसिद्ध झाल्या.

मला या दुरुस्तीपेक्षाही तिच्यासोबत नोंदवलेला इतिहास महत्त्वाचा वाटतो. ही तपासणी पूर्वी अनेकदा बदलली गेली होती. कधी ती डीनोडच्या यादीकडे पाहायची, कधी ब्लॉकांच्या नोंदींकडे. प्रत्येक बदलामागे कारण होते आणि ते कारण खरे होते. फाइलीची फक्त परवानगी बदलली किंवा वाचल्याची वेळ नोंदली गेली, तर डीनोड डर्टी होतो, पण डेटा जागचा हलत नाही. अशा वेळी होल शोधण्यासाठी संपूर्ण सिंकची वाट पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे, म्हणून फक्त डेटाच्या नोंदी पाहणारा बदल झाला. त्यातून दुसरी अडचण निघाली आणि तो मागे घेतला गेला. २०१७ मध्ये फाइल चुकून स्वच्छ ठरते म्हणून दुरुस्ती झाली होती, २०२१ मध्ये आणखी एकदा त्या भागाला हात लागला. हुशार, काळजीपूर्वक काम करणारी माणसे दोन खुणांपैकी योग्य कोणती हे ठरवण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षे करत होती. उत्तर होते की दोन्ही हव्यात. नव्या फाइलीत लिहिणे ही एकच घटना आहे. तिच्या नोंदी सोयीसाठी दोन ठिकाणी झाल्या आहेत, म्हणून त्यांची चौकशीही एकत्रच व्हायला हवी.

आणखी एक बारकावा आहे. तपासणी करणारे हे फंक्शन चुकीच्या काळातही डीनोडचे लॉक धरूनच काम करत होते. म्हणजे नवशिक्या जी पहिली शंका काढेल, ‘इथे लॉक विसरलात का?’, तिचे उत्तर ‘नाही’ असे होते. लॉक हातात असताना विचारलेला प्रश्नच अर्धा होता. लिनक्समध्ये लॉक तपासणारी उत्तम साधने आहेत. २००६ मध्ये आलेले ‘लॉकडेप’ लॉक घेण्याच्या क्रमातली विसंगती दाखवते. २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीत आलेले ‘केसीसॅन’ मेमरीतल्या एखाद्या जागेवर पाळत ठेवते, तिथे काम करणाऱ्या धाग्याला (थ्रेडला) किंचित थांबवते आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी तिथे विनासंरक्षण हात घातला का ते पाहते. ही साधने नसती तर आजचा कर्नल उभा राहिला नसता. पण मेमरीतल्या दोन वेगळ्या जागा मिळून एकच सत्य सांगतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. ते माणसाने ओळखावे लागते आणि कोडशेजारी लिहून ठेवावे लागते.

अशी फट ओळखूनही पुरती बुजवली नाही तर काय होते, हे लिनक्स कर्नलच्या एका प्रकरणात दिसले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष जाहीर झाला. त्यात दोन धागे योग्य क्षणी एकमेकांना छेदत गेले, तर सामान्य वापरकर्त्याला फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलीवर लिहिता येत होते, अगदी प्रशासकाच्या मालकीच्या फाइलीवरही. दुरुस्तीच्या टिपणात लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः नमूद केले की अकरा वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, त्यांनी याच दोषावर अपुरा उपाय केला होता, आणि आयबीएमच्या एस३९० मशीनवर अडचण आल्यामुळे तो नंतर मागे घेतला गेला होता. तेव्हा ती फट केवळ तात्त्विक वाटत होती. मधल्या काळात मेमरीचा कोड अनेक प्रोसेसरांवर सुरळीत पसरावा म्हणून सुधारला गेला, आणि त्या सुधारणेमुळेच ती फट गाठणे सोपे झाले. वेग वाढवणारा प्रत्येक बदल जुन्या, निद्रिस्त रेसला जागे करू शकतो. झेडएफएसमध्ये ते काम सीपीच्या नव्या आवृत्तीने केले.

या दुरुस्तीने एक प्रश्न मात्र सुटला नाही, आणि तो ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा डेटा आहे त्यांच्यासाठी फार कठीण आहे. २.२.२ बसवल्यानंतर नव्या प्रती नीट निघतात. पण आधी निघालेल्या प्रतींचे काय? चेकसम बरोबर, आकार बरोबर, तारीख बरोबर. आत शून्यांचा पट्टा आढळला म्हणून ती फाइल बिघडलेली आहे असेही म्हणता येत नाही, कारण डेटाबेसच्या, डिस्क-इमेजच्या, कितीतरी धडधाकट फाइलींमध्ये असे पट्टे मुळातच असतात. शून्ये शोधणाऱ्या स्क्रिप्ट लोकांनी लिहिल्या. त्यांनी निर्दोष फाइलींवर बोट ठेवले आणि घबराट वाढवली. खात्रीने सांगण्याचा मार्ग एकच होता, प्रत मूळ फाइलीशी किंवा दुसरीकडे आधीच काढून ठेवलेल्या हॅशशी ताडून पाहणे. ज्यांनी कॉपी करतानाच प्रोग्रामच्या पातळीवर हॅश जपले होते, त्यांना एका रात्रीत उत्तर मिळाले. फाइलसिस्टिम चेकसम करते म्हणून ज्यांनी वेगळा हॅश ठेवला नव्हता, त्यांना बॅकअप उघडून एकेक फाइल ताडत बसावे लागले; आणि ज्या फाइलीचा बॅकअप त्याच बिघडलेल्या प्रतीवरून घेतलेला होता, तिथे ताडायला काही नव्हते.